भिंतीवरचा तक्ता आणि कचेरीतील खरी सत्ता

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)





आयोजकांनी मला 'नोकरीच्या ठिकाणचे राजकारण' हा विषय दिला. मी विद्वान नाही. आपल्या जळगाव-धुळे भागात तेहतीस वर्षे सरकारी नोकरी केली, कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, एवढीच माझी पात्रता. तेव्हा जे पाहिले, जे सोसले आणि जे माझ्या हातून घडले, तेच मी सांगणार आहे.

येथे मागच्या रांगांत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले-मुली बसली आहेत. आई-बापाने मोलमजुरी करून शिकविलेली ही मुले. त्यांना वाटते, नेमणुकीचा आदेश एकदा हातात पडला की आपली लढाई संपली. त्यांना मला प्रथमच सांगायचे आहे की, आदेशाने पद मिळते, पण पदाबरोबर सत्ता मिळतेच असे नाही. पद एक वस्तू आहे आणि सत्ता दुसरी. हा फरक स्वतः बाबासाहेबांना आपल्या खानदेशच्या भूमीवर भोगावा लागला. तेथूनच सुरुवात करतो.

आपण दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याच्या न्यायालयात एका खटल्यासाठी आले, तेव्हा ते तेथे मुक्कामाला होते, ही आठवण आपण अभिमानाने जपतो. परंतु त्याच्या आठ वर्षे आधी, २३ ऑक्टोबर १९२९ रोजी चाळीसगावला काय घडले, हे मात्र आपल्या मुलांना फारसे सांगितले जात नाही.

मुंबई सरकारने त्याच्या आदल्या वर्षी अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली होती. तिला स्टार्ट समिती म्हणतात. बाबासाहेब तिचे सभासद होते. बॅरिस्टर, लंडन आणि कोलंबिया विद्यापीठांच्या मोठ्या पदव्या मिळविलेले, मुंबई विधिमंडळाचे सभासद. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरील एका गावी स्पृश्यांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर परतले. तेथील आपल्या लोकांनी एक रात्र राहण्याचा आग्रह केला होता. स्टेशनबाहेर टांगे उभे होते. पण बाबासाहेबांना तासभर ताटकळत बसावे लागले. का? तर एकही टांगेवाला अस्पृश्याला आपल्या टांग्यातून न्यायला तयार नव्हता. आपल्या लोकांना साहेबांनी पायी चालणे सहन होईना. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. मग आपल्यापैकीच एकाने लगाम हाती घेतला. बिचाऱ्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळले आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. ते बेशुद्ध झाले, पायाचे हाड मोडले. टांगा घोड्यासह नदीत गेला.

बाबासाहेबांनी ही हकीकत पुढे स्वतः लिहून ठेवली. तिच्यातून त्यांनी काढलेला बोध आपल्या विषयाचा पाया आहे. टांगेवाला हा समाजात हलके काम करणारा माणूस. तरीही एका बॅरिस्टरपेक्षा आपण वरचे आहोत, असे त्याला वाटत होते. नुसते वाटत नव्हते, तर बॅरिस्टरचा रस्ता अडविण्याची ताकद त्याच्या हातात होती. सरकारी समितीचा शिक्का बाबासाहेबांच्या खिशात होता, पण लगाम टांगेवाल्याच्या हातात होता.

बांधवांनो, प्रत्येक कचेरीत असे लगाम असतात आणि ते कोणाच्या हातात आहेत, हे भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेले नसते.

साहेबांच्या दालनात एक तक्ता लावलेला असतो. वर कार्यालयप्रमुख, खाली अधीक्षक, वरिष्ठ लिपिक, कनिष्ठ लिपिक, सर्वांत खाली शिपाई. ही झाली दिसणारी शिडी. दुसरी शिडी दिसत नाही. आस्थापनेच्या टेबलावर पंधरा वर्षे ठाण मांडून बसलेला लिपिक त्या शिडीवर अधीक्षकापेक्षा वर असतो, कारण रजा, वेतनवाढ, सेवापुस्तकातील नोंद, बदलीचा प्रस्ताव, सगळे त्याच्या हातून जाते. जुन्या अभिलेखांच्या कपाटाची किल्ली ज्या दफ्तरीकडे आहे, तो हवा तेव्हा कागद सापडवतो आणि नको तेव्हा हरवतो. साहेबांच्या दारावरचा शिपाई कोणाला आत सोडायचे ते ठरवितो. आणि गावातल्या पुढाऱ्याचा जो नातेवाईक, त्याला पदच लागत नाही.

या अदृश्य शिडीच्या पायऱ्या आपल्या देशात जातीने बांधलेल्या आहेत. मुंबईत १९३८ साली भरलेल्या एका सभेत गुजरातमधील भंगी समाजाच्या एका तरुणाने आपली कहाणी सांगितली होती. बाबासाहेबांनी तीही नोंदवून ठेवली आहे. हा तरुण शिकून खेडा जिल्ह्यातील बोरसद येथे तलाठी म्हणून रुजू व्हायला गेला. कारकुनाने विचारले, कोण तू? जात कळताच त्याला दूर उभे राहायला सांगितले. कचेरीच्या ओसरीत पिण्याच्या पाण्याची भांडी होती, पण त्यांना हात लावायची त्याला मनाई. त्याच्यासाठी एक गंजलेले भांडे वेगळे ठेवले होते आणि त्यात पाणी वाढायला पाणक्या टाळाटाळ करी. राहायला गावात कोणी घर दिले नाही. पुढे लोक अंगावर येण्यापर्यंत मजल गेली आणि त्याने नोकरी सोडली. लक्षात घ्या, सरकारने त्याला काढले नव्हते. नेमणुकीचा आदेश शेवटपर्यंत कायम होता. त्याला काढले ते पाण्याच्या भांड्याने.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या शेजारी मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. भुसावळ, चाळीसगाव, मनमाड हा सगळा जी. आय. पी. रेल्वेचा पट्टा. आपल्या कित्येकांचे आजे-पणजे तेथे गँगमन होते. बाबासाहेबांनी तेथे एक प्रश्न उलगडून दाखविला. आमचा माणूस जन्मभर गँगमनच का राहतो? साधा पोर्टरही का होत नाही? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागत आणि स्टेशनमास्तरला अस्पृश्य माणूस घरात नको असे. पोर्टरच्या कामाचा आणि मास्तरच्या स्वयंपाकघराचा नियमांनुसार काडीचाही संबंध नाही. पण बढतीचा दरवाजा त्या स्वयंपाकघरातून उघडत होता. याला म्हणतात कचेरीचे राजकारण.

तुम्ही म्हणाल, हे जुने झाले. आता कचेरीत गंजलेले भांडे नाही. खरे आहे. कायद्याने ते हद्दपार केले. पण मित्रांनो, त्याची रूपे बदलली.

मी नोकरीला लागलो तेव्हा पहिले दोन महिने मला खुर्ची होती, टेबल नव्हते. टेबल नाही म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणजे वर्षअखेरीस 'कामात रस नाही' असा शेरा द्यायला साहेब मोकळे. आमच्याकडे कचेरीत लिपिकाला भाऊसाहेब म्हणण्याची रीत आहे. माझ्याबरोबर त्याच दिवशी रुजू झालेला दुसरा लिपिक आठवड्याभरात भाऊसाहेब झाला. मला मात्र शिपायापासून सगळे नावाने हाक मारीत. पहिल्याच दिवशी एकाने आपुलकीने विचारले, "कोणता गावना?" मी गाव सांगितले. मग विचारले, गावात घर कुठे? मी ओळखले की त्यांना गाव नको आहे, गल्ली हवी आहे. गल्लीवरून जात कळते. दुपारी डबे उघडले जात तेव्हा मला कोणी 'येऊ नकोस' म्हटले नाही. फक्त 'ये' असेही कोणी म्हटले नाही. आणि बढतीची, बदलीची, कोणत्या टेबलावर कोणाला बसवायचे याची बोलणी त्या डब्यांच्या गोलातच होत असत. मला ती कळत ती आदेश निघाल्यावर.

हे सगळे पाहून आपली माणसे दोन चुका करतात. काही जण साहेबांची पिशवी उचलू लागतात. जात लपवितात, घरातला फोटो पाहुणे येण्याआधी काढून ठेवतात, आपल्या वस्तीकडे फिरकत नाहीत. त्यांना टेबल मिळते, पण पाठीचा कणा जातो. दुसरे रोज भांडतात. प्रत्येक शेऱ्याला, प्रत्येक मेमोला जातीचे कारण लावतात आणि स्वतःचे काम मात्र अर्धवट ठेवतात. अॅट्रॉसिटीचा कायदा आपल्या रक्ताने मिळालेले शस्त्र आहे. जातीवरून अपमान झाला तर तो वापरायलाच हवा, पण टेबलावरच्या साध्या वादात ते बाहेर काढले तर खऱ्या पीडिताची धार बोथट होते.

मग मार्ग कोणता? माझ्या अनुभवाने मी तीन गोष्टी सांगेन.

पहिली, कामावर हुकमत. कार्यविवरण नोंदवही रोज लिहा. सहा गठ्ठे पद्धत नीट शिकून घ्या. महाराष्ट्र नागरी सेवा नियमांचे पुस्तक स्वतःच्या पैशाने विकत घ्या आणि वाचा. मला टेबल नव्हते त्या दोन महिन्यांत मी रजा नियम आणि वेतन नियम अक्षरशः पाठ केले. पुढे हेच लोक अडचण आली की माझ्याकडे येऊ लागले. नियम ज्याला ठाऊक, त्याच्या हातात एक लगाम आपोआप येतो.

दुसरी, कागद. कचेरीचे राजकारण तोंडी चालते आणि त्याचा बचाव लेखी असतो. वर्तणूक नियम १९७९ सालचे आहेत. वरिष्ठाने तोंडी आदेश दिला तर त्याची लेखी पुष्टी मागावी, ही त्यामागची रीत आहे. ती नम्रपणे पाळा. 'आपण आज सकाळी दिलेल्या सूचनेनुसार' असे लिहून टिप्पणी सादर केली की पुष्कळ सूचना आपोआप मागे घेतल्या जातात. बदलीच्या धाकाबद्दल बोलायचे तर राज्याचा २००५ चा बदल्यांचा अधिनियम १ जुलै २००६ पासून लागू आहे. सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा, बदल्या एप्रिल-मे मध्ये, आणि मध्येच बदली करायची तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. त्याच कायद्यात कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक पडून राहू नये, असेही म्हटले आहे. हा नियम आपल्याविरुद्ध वापरला जाईल तसा आपल्या बाजूनेही वापरता येतो. २००५ चा माहितीचा अधिकार आहे. बिंदुनामावली बरोबर आहे की नाही, ज्येष्ठता यादीत आपण कोठे आहोत, हे आता कोणाच्या किल्लीत बंद नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला दाद मागायला १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे की, २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. ती आहे का, हे रुजू झाल्याच्या आठवड्यात विचारा.

तिसरी, संघ. एकट्या माणसाचा कागदही फाडला जातो. १९६५ च्या सुमारास पुण्यात संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्या रद्द करण्यात आल्या. विरोध कोणी केला? दिनाभाना नावाच्या, राजस्थानातून आलेल्या एका चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने. त्याला निलंबित केले गेले. तेथे पंजाबमधून आलेले कांशीराम नावाचे तरुण अधिकारी होते, आपले डी. के. खापर्डे होते. ते त्याच्या पाठीशी उभे राहिले. दिनाभाना पुन्हा कामावर आले, सुट्याही परत मिळाल्या. त्या सहवासातूनच पुढे ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफची स्थापना झाली. भिंतीवरच्या तक्त्यात सर्वांत खाली असलेल्या माणसाने वरच्यांचे डोळे उघडले. आपल्या कल्याण संघटना केवळ जयंतीची वर्गणी गोळा करण्यासाठी नाहीत, हे यातून शिकले पाहिजे.

आता जे सांगणार आहे ते सांगू की नको, याचा मी बराच विचार केला. पण धम्माच्या व्यासपीठावर अर्धे सत्य सांगू नये.

मी अधीक्षक झालो, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सातपुड्याच्या पायथ्याकडील एक आदिवासी मुलगा आमच्याकडे कनिष्ठ लिपिक म्हणून आला. घरात बोली वेगळी, मराठी टिप्पणी लिहिताना अडखळायचा. मला कामाची घाई. मी त्याला अभिलेख खोलीत बसविले आणि तेथेच ठेवले. टिप्पणी चुकली की सर्वांसमोर वाचून दाखवीत असे. लोक हसत, मीही हसत असे. दुपारी डबे उघडत. तोपर्यंत मी त्या गोलात बसू लागलो होतो. त्याला मी कधी 'ये' म्हटले नाही. वर्षअखेरीस साहेबांकरिता गोपनीय अहवालाचा मसुदा मी केला आणि त्याला 'ब' दिला.

या 'ब' चे मर्म विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. त्या काळी फक्त प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला कळवीत. 'ब' प्रतिकूल नाही, म्हणून तो कळवायचा नाही. पण बढतीच्या वेळी तोच 'ब' आडवा येतो. माणसाला आपण कशाने पडलो, हेही कळत नाही. हाताला डाग न लागता एखाद्याला मागे ठेवण्याची ती सगळ्यांत सोयीची रीत होती. २००८ साली देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही रीत मोडून काढली. त्या अधिकाऱ्याला एका वर्षी 'चांगला' असा शेरा होता आणि बढतीसाठी 'फार चांगला' हवा होता, पण ते त्याला कधी कळविलेच नव्हते. न्यायालयाने सांगितले की, प्रत्येक शेरा, मग तो कोणताही असो, कर्मचाऱ्याला कळविलाच पाहिजे. आज हा हक्क तुम्हाला आहे. त्या मुलाला तो नव्हता.

त्याची बदली झाली. जाताना तो माझ्या टेबलाजवळ आला, नमस्कार केला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही बाबासाहेबांची जयंती करता. मला वाटलं होतं, तुम्ही मला शिकवाल."

एवढेच बोलून तो गेला. मी काहीच बोलू शकलो नाही. मला दोन महिने टेबल मिळाले नव्हते, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो होतो. आणि टेबल माझ्या हातात आले तेव्हा मी गंजलेले भांडे दुसऱ्यासाठी काढून ठेवले. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे मी अनेकदा विचारण्याचे ठरविले आणि लाजेने विचारले नाही. निवृत्तीपर्यंतच्या वर्षांत नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही जातीचा असो, पहिल्या दिवशी टेबल द्यायचे आणि पहिला महिना रोज अर्धा तास शेजारी बसवून टिप्पणी शिकवायची, असा नेम मी केला. त्याने त्या मुलाची भरपाई होत नाही, याची मला जाणीव आहे.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला त्याच्या हाताखालच्या माणसांविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत. त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड असेल ते वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. काम करणाऱ्यानेही दिले तेवढेच घ्यावे, काम चोख करावे आणि चांगले बोलावे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे शब्द आजच्या कोणत्याही परिपत्रकापेक्षा सोपे आहेत. 'वाटून खावे' यात मला आमचा डब्याचा गोल दिसतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उद्या अधिकारी व्हाल. कचेरीत पाऊल टाकाल तेव्हा लगाम कोणाकोणाच्या हातात आहेत, हे डोळे उघडे ठेवून पाहा. कामाने, कागदाने आणि संघाने आपली बाजू राखा. आणि ज्या दिवशी एखादा लगाम तुमच्या हाती येईल, त्या दिवशी डबा उघडण्यापूर्वी एकदा दाराकडे पाहा. तेथे कोणी नवखा उभा असेल. त्याला 'ये' म्हणा.



नमो बुद्धाय! जय भीम!